गोंडाइट आणि इतर नावे

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागून मनसर ओलांडले, की गावांची नावे एका विशिष्ट लयीत कानांवर येऊ लागतात. कांद्री, सातक, बेलडोंगरी, काचरवाही, चोरबाहुली, देवलापार. तिथून पूर्वेला भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात उतरावे तर चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग. या शेवटच्या नावापाशी भाषेचा अभ्यासक हमखास थबकतो. देशावर ज्याला आपण बुद्रुक म्हणतो, तो शब्द मूळ फारसी 'बुजुर्ग' हाच होय. तिकडे तो शेकडो वर्षे जिभांवर घासून गुळगुळीत झाला. इथे मात्र कालच कोणी फारसीनवीस कारकून दप्तरात लिहून गेल्यासारखा तो अखंड उभा आहे. पण या नावांचे खरे नवल वेगळेच आहे. यांतली कितीतरी नावे भूविज्ञानाच्या ग्रंथांत गेली आहेत. त्या शास्त्रात 'मनसर' हे गाव नसून अभ्रकी शिस्ट खडकांचा एक थर आहे, 'चोरबाहुली' हा क्वार्ट्झाइटचा थर आहे, 'लोहांगी' हा संगमरवरी चुनखडकाचा. सगळे मिळून जे कुळ होते त्याला छिंदवाड्याकडच्या एका गावावरून 'सौसर गट' म्हणतात. आपल्या एस. टी. बसच्या पाट्यांवरची नावे शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या इतिहासाची प्रकरणशीर्षके झाली आहेत, आणि आपल्या मराठी विभागांत, रामटेकपासून हाकेच्या अंतरावर असूनही, याची वार्ता नाही.

माझा या विषयाशी संबंध कसा आला ते पुढे येईल. आधी दगड.

हा सौसर पट्टा म्हणजे छिंदवाड्यापासून नागपूर-भंडाऱ्यावरून बालाघाटपर्यंत गेलेली सुमारे दोनशे किलोमीटरची एक वाकडी कमान. इथे कोणे एके काळी समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाशी वाळू बसत होती, चिखल बसत होता, चुना बसत होता. आणि मधूनच, पाण्यातल्या प्राणवायूचे प्रमाण पालटले म्हणजे, पाण्यात विरघळलेले मँगनीज न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपाने काळ्या साक्यासारखे खाली बसत होते. कधी ते निव्वळ बसले, कधी वाळूचिखलात मिसळून. पुढे हा सारा गाळ खोल गाडला गेला, भूकवचाच्या हालचालींत दुमडला, तापला, पुन्हा दुमडला. या तापण्यात शुद्ध साक्याचे एक झाले आणि मिश्र साक्याचे दुसरे. जिथे मँगनीज निव्वळ होते तिथे ब्राउनाइटसारखी जड, काळी, पोलादी झाक असलेली खनिजे तयार झाली. तेच आजचे धातुक. जिथे ते वाळू आणि माती यांच्यात मिसळलेले होते तिथे मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचे लग्न लागून पिवळसर-नारिंगी गार्नेट जन्मले. त्याला स्पेसार्टीन म्हणतात. आपले जुने जवाहिरे गार्नेटला तामडा म्हणत. हे तामड्याचे बारीक दाणे आणि क्वार्ट्झ यांचा जो घट्ट, चिवट खडक होतो, त्याचे नाव गोंडाइट.

गोंडाइट सहजी झिजत नाही. भोवतालचे शिस्ट खडक पावसाने खंगत जातात आणि हा मात्र कण्यासारखा वर राहतो. म्हणून मँगनीजच्या जागा बहुधा टेकड्यांवर सापडल्या आणि म्हणून त्यांच्या नावांत इतक्या 'डोंगरी' आहेत. मध्य प्रदेशात, झाबुआ जिल्ह्यात, काजळीडोंगरी नावाची अशीच एक प्रसिद्ध जागा आहे. तिच्या नावाची व्युत्पत्ती मी कोठे वाचलेली नाही, पण हाताला काळे लागणाऱ्या दगडांच्या टेकडीला कोणी काजळाचे नाव दिले असेल तर त्यासाठी कोशाची गरज पडू नये. खनिजाचा शोध लागण्याआधी ते गावाच्या नावात लागलेले होते, असे म्हणायला मला तरी आवडते.

रामटेकच्या बाजूच्या एका भूमिगत खाणीत, रीतसर परवानगी काढून, मी एकदाच उतरले. खाणीविषयी आपल्या मनात जे चित्र असते ते कोळशाच्या खाणीचे असते, आणि तेही बहुतांशी कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आलेले. ही खाण तशी नव्हती. पिंजऱ्यातून खाली गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो ओलावा आणि पंपांचा अविरत आवाज. बोगदा पुष्कळ उंच होता. शिरस्त्राणावरच्या दिव्याचा झोत भिंतीवर टाकला की अभ्रकाची चंदेरी चमक उठे. चार पावले पुढे गेले की तीच भिंत एकदम मुकी, काळी होई. धातुकाचा थर जवळजवळ उभा होता, कपाटात ठेवलेल्या जाड पुस्तकासारखा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तामड्याचे दाणे घेऊन गोंडाइट. सोबतच्या अधिकाऱ्यांनी एक मुठीएवढा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि हात नकळत खाली गेला. ब्राउनाइट तेवढ्याच आकाराच्या गारगोटीच्या जवळजवळ पावणेदोन पट जड असतो.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती धातुक काढण्याची रीत. थर खालून वर, एकेक आडवा काप घेत काढतात. एक काप निघाला की झालेल्या पोकळीत पाण्याबरोबर नदीची वाळू सोडतात. पाणी निथळून जाते, वाळू घट्ट बसते, आणि त्या वाळूवर उभे राहून माणसे डोक्यावरचा पुढचा काप पाडतात. म्हणजे डोंगराच्या पोटातला एक जुना समुद्र बाहेर जातो आणि त्या जागी आजची नदी भरली जाते. मी ज्या जमिनीवर उभी होते ती, दिव्याच्या उजेडात पाहिले तर, साधी नदीकाठची वाळू होती. तिच्यात शिंपल्याचा एक चुराही दिसला. या सगळ्या पट्ट्यातली सर्वांत खोल खाण बालाघाटजवळ भरवेली येथे आहे; ती तीनशे मीटरहून अधिक खोल गेलेली आहे.

खाणकामाचा इतिहास मी थोडक्यात सांगते, कारण तो सर्वत्र सारखाच असतो. १८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' स्थापन झाले. पुढे तीच 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी' झाली. इंग्लंड-युरोपच्या पोलाद कारखान्यांना मँगनीज हवे होते, कारण त्याशिवाय पोलाद ठिसूळ राहते. १९०५ च्या रशियन उठावात जॉर्जियातल्या चियातुरा येथील खाणींचे काम विस्कटले आणि मध्य प्रांतातल्या टेकड्यांना एकाएकी भाव आला. १९६२ साली भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी एक्कावन्न टक्के भांडवल घेऊन नवी कंपनी काढली. १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. हिलाच आपल्याकडे सगळे 'मॉयल' म्हणतात.

डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डाय-ऑक्साइड टॉर्चच्या सुक्या सेलसाठी प्रसिद्ध आहे. ज्यांचे बालपण खेड्यातल्या शाळेत गेले त्यांना आठवत असेल, की वर्षातून एकदोनदा मुले घरून संपलेले सेल आणीत, दगडाने ते फोडीत आणि आतली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून लाकडी फळा रंगवीत. आमच्या शाळेत हे काम शनिवारी असे आणि हातांचा काळा रंग सोमवारपर्यंत जात नसे. त्या पुडीत कोळशाच्या भुकटीबरोबर मँगनीज डाय-ऑक्साइडच असते. ज्या काळ्यावर आम्ही पांढऱ्याने पहिला 'अ' गिरवला ते काळे कोठल्या तरी अशाच टेकडीतून आलेले असणार.

आता नावे. खनिजांची नावे हा भाषेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी चाळावा असा शब्दसंग्रह आहे. पायरोलुसाइट हे नाव ग्रीक. अग्नी आणि धुणे या दोन शब्दांचे मिळून झालेले. लोखंडामुळे काचेवर येणारी हिरवी झाक हे खनिज घालून तापवले की निघून जाई, म्हणून. सायलोमेलेन म्हणजे 'गुळगुळीत काळा'. ऱ्होडोनाइट गुलाबावरून. ही नावे खनिजाकडे पाहून ठेवलेली आहेत. दुसरी माणसांवरून आणि गावांवरून ठेवलेली: ब्राउनाइट जर्मनीतल्या ब्राउन नावाच्या गृहस्थांवरून, स्पेसार्टीन जर्मनीतल्याच स्पेसार्ट या अरण्यप्रदेशावरून, बिक्सबाइट अमेरिकेतल्या बिक्सबीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा सगळा गोतावळा युरोप-अमेरिकेतला होता. त्यात आपल्या टेकड्या शिरल्या त्या एका माणसामुळे.

लुई ली फर्मोर हा तो माणूस. जन्म १८८० चा. १९०२ साली तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला आणि १९०९ साली सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेच्या सदतिसाव्या खंडात त्याचे भारतातील मँगनीज धातुकांवरचे पुस्तक निघाले. पुस्तक हजारावर पानांचे आहे. वयाच्या तिशीच्या आत एका माणसाने, बैलगाडीने आणि पायी हिंडून, टेकडी टेकडी चढून, हे लिहिले. आपल्याकडे पीएच.डी. ची कालमर्यादा वाढवून घेण्यासाठी अर्ज लिहिणाऱ्यांच्या, ज्यांत एके काळी मीही होते, टेबलावर हा खंड ठेवावा असा आहे. त्यात गावांची नावे लिहिताना दीर्घ 'आ'वर खूण केलेली असते. काचरवाहीतले दोन्ही 'आ' त्याने खुणेने जपले आहेत. आजच्या इंग्रजी पाट्यांवर ते जपलेले नाहीत.

फर्मोरने इथल्या खडकांतून नवी खनिजे ओळखली आणि त्यांना नावे दिली. आपल्या संचालकाच्या नावाने हॉलंडाइट. बेलडोंगरीला सापडलेल्या, होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या चुंबकी खनिजाला सहकाऱ्याच्या नावाने व्ह्रेडेनबर्गाइट. काचरवाहीच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एका दिशेने गुलाबी आणि दुसऱ्या दिशेने निळ्या दिसणाऱ्या खनिजाला एका ज्येष्ठ भूवैज्ञानिकाच्या नावाने ब्लॅनफोर्डाइट. काजळीडोंगरीच्या निळ्या खनिजाला ते शोधून देणाऱ्या विंच नावाच्या माणसावरून विंचाइट. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट, बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट. आणि या सर्वांना पोटात बाळगणाऱ्या खडकाला, या मुलखातल्या लोकांवरून, गोंडाइट. पुढे १९३८ साली बालाघाटकडच्या तिरोडीवरून दुसऱ्या दोघांनी तिरोडाइट हेही नाव ठेवले. शास्त्राच्या दप्तरात सीतापार आणि तिरोडी ही गावे स्पेसार्टच्या शेजारी जाऊन बसली.

ती तिथे टिकली नाहीत. क्ष-किरणांनी स्फटिकाची अंतर्रचना पाहता येऊ लागल्यावर सीतापाराइट म्हणजे पूर्वीच नाव मिळालेला बिक्सबाइटच आहे, असे ठरले. शास्त्रातल्या अग्रक्रमाच्या नियमाने अमेरिकन बिक्सबी राहिला आणि सीतापार गेले. व्ह्रेडेनबर्गाइट हे एक खनिज नसून दोन खनिजांची वीण आहे असे निघाले. बेलडोंगराइटचेही वेगळेपण सिद्ध झाले नाही. १९५८ साली आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटना स्थापन झाली आणि नावांना मान्यता देण्याघेण्याचे रीतसर कामकाज सुरू झाले. पुढे ब्लॅनफोर्डाइट गेला, १९९७ साली तिरोडाइट गेला. राहिले कोण? हॉलंडाइट राहिला, इतकेच नव्हे तर खनिजांच्या एका मोठ्या घराण्याचा कुलपुरुष झाला. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा कृत्रिम दगडात बंद करण्याच्या ऑस्ट्रेलियन प्रयोगांत त्याच्याच घडणीचा उपयोग केलेला आहे. विंचाइटही राहिला, पण त्याचे नशीब वेगळे. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लिबी नावाचे गाव आहे. तिथल्या व्हर्मिक्युलाइटच्या खाणीतून उडालेल्या तंतुमय धुळीने पिढ्यान् पिढ्या माणसे फुप्फुसांच्या रोगाने मेली. २००९ साली तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर झाली. त्या धुळीतले मुख्य खनिज विंचाइट होते. काजळीडोंगरीला जन्मलेले नाव आता वैद्यकाच्या नियतकालिकांत भेटते.

खनिजशास्त्रज्ञांना यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने चुकीचे नाव जाणे म्हणजे ज्ञानाची स्वच्छता होय, आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. दोन खनिजांच्या विणीला एका खनिजाचे नाव ठेवून कसे चालेल? तरीही एखादे गाव शब्दकोशात जाऊन परत येते तेव्हा ते पूर्वीइतके अनाम राहत नाही, असे मला वाटते. सीतापारचे नाव आता समानार्थी, रद्द शब्दांच्या यादीत आहे. ती यादीही कोणीतरी वाचतेच.

या प्रकरणाला एक साहित्यिक शेपूट आहे, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांना ते ठाऊक असेल. फर्मोरला एक मुलगा होता. १९१५ साली तो इंग्लंडमध्ये जन्मला. आई आणि बहीण लवकरच भारतात परतल्या आणि तान्ह्या मुलाला नॉर्थहॅम्पटनशरमधल्या एका कुटुंबात ठेवले गेले. बाप त्याला फारसा भेटलाच नाही. हा मुलगा म्हणजे पॅट्रिक ली फर्मोर. अठराव्या वर्षी हॉलंडच्या किनाऱ्यावरून इस्तंबूलपर्यंत पायी निघालेला, दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावरून जर्मन सेनापतीला पळवून नेणारा आणि इंग्रजी प्रवासवाङ्मयात ज्याचे गद्य आजही नमुना म्हणून शिकवले जाते तो लेखक. १९७७ साली निघालेल्या 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' या पुस्तकाच्या सुरुवातीला तो वडिलांची ओळख करून देतो ती त्यांच्या शोधांतून: बापाच्या नावाने ओळखले जाणारे एक भारतीय खनिज, पाठीवर आठ केस असलेला एक किडा, हिमकणाचा एक विशिष्ट आकार. बापाच्या आवाजाचे, हातांचे, रागाचे वर्णन नाही. त्याच्याजवळ ते नसावेच. होते ते एक नाव. फर्मोराइट. १९१० साली दुसऱ्या दोघा संशोधकांनी सीतापारच्याच एका पांढुरक्या खनिजाला ते दिले होते. पॅट्रिक २०११ च्या जूनमध्ये वारला. त्याच्या आदल्याच वर्षी खनिजांच्या त्या कुळाची नावे नव्याने लावताना फर्मोराइट हे नाव काढून टाकण्यात आले होते. त्याला ते कळले असेल असे वाटत नाही. कळले असते तर त्याने त्यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला असता, एवढे मात्र नक्की.

या सर्व नावांत एकाही नियमाने न हललेले नाव गोंडाइट. त्याचे कारण तांत्रिक आहे: ते खनिजाचे नव्हे, खडकाचे नाव आहे, आणि खडकांच्या नावांवर तितका कडक पहारा नसतो. आफ्रिकेतल्या घानामध्ये, ब्राझीलमध्ये, जिथे जिथे तामडा आणि क्वार्ट्झ असे एकत्र तापले तिथे तिथे भूवैज्ञानिक गोंडाइट म्हणतात. गोंडवन हे नाव तर त्याहून मोठे झाले, अख्ख्या एका लुप्त खंडाचे. १८७२ साली मेडलिकॉटने ते नर्मदेच्या दक्षिणेकडील खडकांना दिले होते. जगातल्या फार थोड्या जमातींची नावे पृथ्वीच्या इतिहासात इतकी खोल गेली असतील.

एम. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने मला या वाटेवर आणले ते नेमक्या याच ठिकाणी. ती कोयतूर आहे. हा शब्द मी तिच्यामुळे वापरते. 'गोंड' हे त्यांना इतरांनी दिलेले नाव, ते स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ लिहिला त्यातही हे नोंदलेले आहे, म्हणजे नवे काही नाही. वडील खाणीत भूमिगत कामावर होते, आता निवृत्त. लघुप्रबंधासाठी तिने विषय आणला होता: रामटेक-तुमसर परिसरातील खाणकामगारांची बोली. भूविज्ञान विभागातल्या एका मैत्रिणीने तिला गोंडाइटचा तुकडा दिला होता, तो तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "मॅडम, दगडाला आमचं नाव आहे. पण या दगडाला आम्ही काय म्हणत होतो?"

विषय समितीपुढे गेला आणि 'साहित्याच्या कक्षेबाहेरचा' असा शेरा घेऊन परत आला. कोणत्या समितीने, कोणत्या विद्यापीठात, हे सांगण्यात अर्थ नाही. अशी समिती सर्वत्र असते. मी लेखी उत्तर दिले. त्यात एवढेच म्हटले, की ज्या परिसरात वासुदेव विष्णु मिराशी यांनी मेघदूताचा रामगिरी ओळखला, ज्या मनसरला हिडिंबा टेकडीच्या उत्खननात वाकाटकांचे भव्य शिवमंदिर निघाले आणि ज्या वाकाटक राजाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या, नावावर सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे, त्या परिसराचा शब्दसंग्रह मराठी विभागाने नाही तर कोणी गोळा करायचा? सेतुबंधात वानर डोंगर उपटून समुद्रात टाकतात. आपल्याकडे तोच प्रसंग अलंकारांसाठी शिकवतात. त्याच मनसरला माणसे सव्वाशे वर्षे डोंगर पोखरत आली आहेत आणि त्या कामाची एक भाषा झाली आहे, ती पाहणे कक्षेबाहेर कसे? विषय शेवटी मान्य झाला, शीर्षकात 'समाजभाषावैज्ञानिक अभ्यास' हे शब्द घालण्याच्या अटीवर. घातले.

तिच्याबरोबर मी तिच्या घरी गेले. वडील कमी बोलणारे गृहस्थ. मँगनीजच्या धुळीने होणाऱ्या विषबाधेविषयी मी तेव्हा नुकतेच वाचले होते: ग्लासगोच्या जेम्स कूपरने १८३७ साली तिची पहिली नोंद केली, पुढे चिलीच्या आणि मोरोक्कोच्या खाणींतही ती दिसली. तीत चाल बिघडते, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, आणि आवाज हळूहळू मंद, एकसुरी होत जातो. त्यामुळे त्यांचे मौन पाहून मनात नको ती शंका आली. पण तसे काही नव्हते. खाणीत पाणी मारून ड्रिल चालवतात, धूळ बसते, असे त्यांनीच समजावून सांगितले. आणि एकदा कामाचा विषय निघाल्यावर ते तासभर उत्तम बोलले. भिंतीवर हातोडी वाजवून पोकळ दगड कसा ओळखायचा, आवाजात काय फरक पडतो, हे त्यांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवले. मी विचारले, "भाऊ, या काळ्या दगडाला तुम्ही काय म्हणता?"

"माल," ते म्हणाले. "आम्ही त्याले मालच म्हणतो."

"आणि गोंडीत?"

ते थोडा वेळ थांबले. लहानपणी गावात सगळे गोंडीतच बोलत, म्हणाले. कामावर लागल्यावर कॉलनीत छत्तीसगडचे, बालाघाटचे, नागपूरचे, सगळे होते. घरी हळूहळू हिंदी-मराठी झाली. पोरीला समजते, बोलता येत नाही. "मायले माहीत असंल. पण माय आता नाही."

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे एकोणतीस लाख ऐंशी हजार लोक आहेत. भाषा द्राविडी कुळातली, पण आठव्या अनुसूचीत नाही. आकडा मोठा आहे आणि त्या आकड्याचा या घराला काही उपयोग नाही, हे दोन्ही खरे. खंडाला नाव मिळाले, खडकाला मिळाले, आणि खडक फोडणाऱ्याच्या घरातून शब्द एका पिढीत निघून गेला. यात कोणी दुष्टपणा केला असे मला दाखवता येणार नाही. फर्मोरने गौरव म्हणूनच नाव दिले असावे. पण हजार पानांच्या त्याच्या ग्रंथात गावांच्या नावांतला प्रत्येक 'आ' जपण्याची चिंता आहे, तर टेकडीवर कुदळ मारणाऱ्याला तो दगड कोण म्हणून ठाऊक होता हे विचारण्याची निकड त्या शास्त्राला नव्हती. आमच्या शास्त्राला तरी कुठे होती? रामटेकवर आम्ही मराठीच्या लोकांनी किती लिहिले, आणि त्यात मेघ किती आणि माणसे किती?

सध्या तिच्या वहीत तीनशेच्या वर शब्द झाले आहेत. चार स्तंभ आहेत: कामगारांचा शब्द, मराठी, हिंदी, गोंडी. पहिल्या स्तंभात मोठी मौज आहे. इंग्रजी शब्द तोंडी येऊन घासले गेले आहेत, अगदी बुद्रुकसारखे, आणि त्यांवर आम्ही दोघींनी पुष्कळ सायंकाळी घालवल्या. चौथा स्तंभ पुष्कळसा रिकामा आहे. साधने, माती, पाणी, वाळू, अंधार, ओल, पडझड यांचे शब्द मिळाले; दगडांच्या प्रकारांचे फार थोडे. देवलापारच्या पलीकडे एका गावात तिच्या वडिलांची आत्या आहे, वय नव्वदीच्या घरातले. तरुणपणी ती खाणीच्या तोंडाशी बसून हाताने माल निवडण्याच्या कामाला होती. चांगला माल आणि हलका माल वेगळा काढणे हेच तिचे काम, तेव्हा दगडांत भेद करणारे शब्द तिच्याजवळ असलेच पाहिजेत. तिला ऐकू कमी येते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जाणार आहोत; दगड सोबत नेणार आहोत, म्हणजे विचारावे न लागता हातात देता येतील.